कॅम्परव्हॅनचं सांडपाणी टाकायचं कुठे आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या कॅम्परव्हॅन आता पवना, भंडारदरा, इगतपुरी, अलिबाग, केळवे, बोर्डी अशा सगळ्या वाटांवर दिसतात. आत ओटा, सिंक, शॉवर आणि संडास असलेली गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हटलं की सांडपाणी आलंच. गाडी घेताना किंवा भाड्यानं ठरवताना गाद्या, एसी, बॅटरी यांची चौकशी सगळे करतात, टाकीची फारसं कोणी करत नाही. इथली उत्तरं मुंबई आणि तिच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

ग्रे वॉटर आणि ब्लॅक वॉटर यांत फरक काय?

सिंक, बेसिन आणि शॉवरचं पाणी म्हणजे ग्रे वॉटर, आपल्या भाषेत मोरीचं पाणी. संडासातलं ते ब्लॅक वॉटर, म्हणजे मैलापाणी. गाडीत दोन्हींची सोय वेगळी असते. ग्रे वॉटरची टाकी चॅसिसखाली बसवलेली असते, साधारण ५० ते १०० लिटरची. मैल्यासाठी एक तर बाहेरून ओढून काढता येणारी १७ ते २० लिटरची कॅसेट असते, किंवा मोठ्या गाडीत खाली पक्की बसवलेली टाकी. काही लहान व्हॅनमध्ये ग्रे वॉटरला टाकीच नसते. सिंकचा पाईप थेट रस्त्यावर सुटतो. अशी गाडी असेल तर पाईपाखाली झाकणाचा २० लिटरचा कॅन लावल्याशिवाय नळ सोडू नका.

नुसतं भांडी धुतलेलं पाणी आहे. ते रस्त्याकडेला सोडलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. भांड्यांच्या पाण्यात तेल, खरकटं, भाताची पेज आणि साबण असतो. खरकट्यावर जिवाणू झपाट्यानं वाढतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात दीड-दोन दिवस साठलेल्या ग्रे वॉटरला मैल्यासारखीच दुर्गंधी सुटते. शॉवरच्या पाण्यात अंगावरचे आणि शौचानंतर धुतल्याचे जंतूही असतात, त्यामुळे ग्रे वॉटर म्हणजे ‘जवळजवळ स्वच्छ’ हा समज चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. घाटमाथ्यावर वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो. तो पाणी पीत नाही, सांडपाणी वरच्यावर ओघळत ओढ्याला जाऊन मिळतं. कोकणात जांभा आहे, त्याची तऱ्हा नेमकी उलटी. जांभ्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून पाणी भराभर खाली उतरतं, गाळलं जायला वेळच मिळत नाही आणि ते वाडीतल्या विहिरीला लागतं. किनाऱ्यालगतच्या वाळूत तर गोड्या पाण्याची पातळी अनेक ठिकाणी हाताच्या अंतरावर असते. ज्या घराच्या विहिरीचं पाणी पिऊन तुम्ही ‘काय गोड आहे’ म्हणता, तिच्यापासून ३० पावलांवर साबणाचं पाणी सोडलेलं असतं.

तिसरी गोष्ट चालत्या गाडीची. टाकीचा नळ अर्धवट उघडा ठेवून वाटेत ठिबकत जाऊ देणारे लोक आहेत. घाटातल्या वळणावर पडलेला साबण-तेलाचा पट्टा मागून येणाऱ्या दुचाकीला आडवी करायला पुरेसा असतो. हे कृपा करून कधीच करू नका.

दोन रात्रींच्या सहलीत किती पाणी साठतं?

दोन मोठी माणसं आणि एक मूल धरू. दिवसाला भांड्यांना १० लिटर, हात-तोंड धुवायला तिघांचे मिळून ९ लिटर आणि अर्धी अर्धी बादली आंघोळ म्हणजे तिघांचे २४ लिटर. एकूण ४३. दोन दिवसांचे ८६. म्हणजे ५० लिटरची टाकी रविवारी सकाळीच भरते आणि ८० लिटरची रविवारी दुपारी.

मैल्याच्या कॅसेटचा हिशेब आपल्याकडे वेगळा पडतो, आणि परदेशी माहितीपत्रकावर विसंबणारे इथेच फसतात. ‘दोघांना तीन-चार दिवस पुरते’ हे कागद वापरणाऱ्यांचं गणित आहे. आपण पाणी वापरतो. जेट स्प्रेमधून १५ सेकंदांत लिटरभर पाणी सहज जातं. एका मोठ्या माणसाची दिवसभराची लघवी साधारण दीड लिटर, पाच-सहा वेळच्या फ्लशचे दोन-सव्वादोन लिटर आणि धुण्याचा लिटरभर, मिळून पाच लिटरच्या आसपास. दोघांचे दहा, मुलाचे तीन. १८ लिटरची कॅसेट दीड दिवसात काठोकाठ. जेट काढून ३०० मिलिलिटरचा लहान तांब्या ठेवला की रोजचे दीड-दोन लिटर वाचतात. दिवसा शक्य तिथे पक्क्या शौचालयात जाऊन यायचं आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवायची, हा आणखी सोपा उपाय.

टाकीच्या पातळीचा दिवा मात्र प्रमाण मानू नका. सेन्सरवर तेल आणि कागदाचा थर बसला की रिकामी टाकीसुद्धा भरलेली दाखवते. गोड्या पाण्याच्या टाकीतून किती लिटर कमी झाले, त्यावरून मोजा. गेलेलं पाणी कुठे तरी खालीच साठलेलं असतं.

मुंबईत आणि आसपास टाकी रिकामी करायची कुठे?

बाहेरच्या देशांत कॅम्पिंगच्या जागी किंवा हमरस्त्यावर गाडी लावून टाकी सोडायची ठरलेली ठिकाणं असतात. आपल्याकडे तशी सोय तुरळक आहे. महाराष्ट्राचं कॅरावॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण सहलीच्या दिवशी हाताशी काय आहे ते आपणच आधी शोधून ठेवावं लागतं. व्यवहारात चार वाटा उरतात.

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे मुक्कामाची जागा. रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र किंवा होमस्टे ठरवतानाच फोनवर तीन प्रश्न विचारा. सेप्टिक टँक आहे का? तिचा ओव्हरफ्लो कुठे जातो, शोषखड्ड्यात की मागच्या ओढ्यात? आणि कॅसेट ओतायला बाहेरच्या बाजूचा संडास मिळेल का? ‘ओढ्यात’ असं उत्तर आलं तर तुमचं काळजीनं ओतलेलं पाणीही ओढ्यातच जाणार. दुसरी जागा बघा.

जागेवर पोचल्यावर आडपडदा न ठेवता विचारलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. ‘काका, संडासाचा एक डबा आहे, अठरा लिटरचा. तुमच्या मागच्या संडासात ओतू का? आत फिनेल, ॲसिड काही घातलेलं नाही. नंतर दोन बादल्या पाणी टाकून सगळं धुऊन देतो.’ मालकाला खरी काळजी असते ती टाकीत भलतंसलतं रसायन जाण्याची आणि संडास घाण करून जाण्याची. त्या दोन्हींचं उत्तर याच वाक्यांत आहे. शंभर-दोनशे रुपये स्वतःहून पुढे करा, टाकी उपसायचा खर्च त्यांनाच पडतो.

दुसरी वाट म्हणजे पैसे देऊन वापरायची सार्वजनिक शौचालयं आणि हमरस्त्यावरची मोठी विश्रांतिस्थळं. इथे फक्त कॅसेट, तीही तिथल्या माणसाला विचारून, गर्दी नसताना आणि कमोडमध्ये. बेसिनमध्ये किंवा लघवीच्या भांड्यात कधीही नाही.

तिसरी वाट तुमचं स्वतःचं घर. कॅसेट घट्ट बंद करून घरच्या संडासात ओतणं अगदी योग्य आहे. ग्रे वॉटर कॅनमधून आणून मोरीत ओता. मुंबईतल्या बहुतेक इमारतींचं मैलापाणी महापालिकेच्या मलवाहिनीतून वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशा केंद्रांकडे जातं. सोसायटीच्या आवारात गाडीखालून पाईप लावून चेंबरमध्ये सोडायचं असेल, तर सेक्रेटरींना आधी विचारा आणि प्लंबरकडून चेंबर कोणतं ते दाखवून घ्या.

चौथी वाट सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीची. एका कॅसेटसाठी तिला कोणी बोलावत नाही, पण चार-पाच गाड्यांचा गट एकाच मैदानात उतरणार असेल किंवा मैल्याची पक्की टाकी १०० लिटरची असेल तर परवडतं. उपसलेला मैला कुठे नेऊन टाकणार हे त्यांना विचाराच. रात्री नाल्यात ओतणारेही आहेत. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये माणूस उतरवून साफ करून घेण्याला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. काम यंत्रानंच झालं पाहिजे.

रस्त्याकडेच्या गटारात सोडलं तर? ते शेवटी मलवाहिनीतच जातं ना?

नाही. मुंबईत पावसाच्या पाण्याचं जाळं वेगळं आणि मैलापाण्याचं वेगळं आहे. रस्त्याकडेला लोखंडी जाळीचं झाकण असलेलं गटार म्हणजे पर्जन्यजलवाहिनी. ती पावसाचं पाणी नाल्यात, तिथून मिठी, दहिसर किंवा पोईसर नदीत आणि शेवटी खाडीत-समुद्रात नेते. वाटेत शुद्धीकरणाची व्यवस्था नसते. तुम्ही माहीमला ओतलेलं पाणी माहीमच्याच उपसागरात पोचतं. मलवाहिनीच्या मॅनहोलला सहसा भरीव झाकण असतं. ते स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो, म्हणून जीव जातो. उघडं राहिलेलं झाकण तर पावसात सापळाच. ऑगस्ट २०१७ च्या पुरात अशाच उघड्या मॅनहोलनं मुंबईत बळी घेतला.

कॅसेट रिकामी करायची योग्य पद्धत कोणती?

आधी आतली सरकती झडप बंद आहे ना ते पाहा. ती बंद नसेल तर कॅसेट बाहेर येत नाही, आणि जोर लावून ओढली तर सील फाटतं. जाड रबरी हातमोजे घाला, जुने कपडे असू द्यात. भरलेली कॅसेट २० किलोच्या आसपास जाते. चाकं असतील तर ओढत न्या, नसतील तर दोघांनी उचला.

घाट चढून आला असाल तर ओतण्याआधी एक काम जरूर करा. कसारा किंवा बोरघाट चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, त्यात उन्हानं आतला वायू फुगतो आणि झाकण फिरवताच आतलं पाणी फसकन अंगावर येतं. म्हणून कॅसेट बाहेर काढण्यापूर्वी, गाडीत बसवलेली असतानाच, कमोडचं झाकण लावून सरकती झडप क्षणभर उघडून बंद करा. दाब निघून जातो.

ओतायची नळी कमोडच्या पाण्याजवळ न्या, कॅसेट सावकाश तिरकी करा आणि हवेचं बटण अंगठ्यानं दाबून धरा. हे बटण दाबलं नाही तर पाणी गडगडत, उसळ्या मारत बाहेर पडतं आणि चारी बाजूंना शिंतोडे उडतात. बटण कॅसेट तिरकी झाल्यावरच दाबा, आडवी असताना दाबलं तर तिथूनच गळते. रिकामी झाल्यावर तीन-चार लिटर पाणी घालून झाकण लावा, जोरानं हलवा आणि पुन्हा ओता. असं दोनदा. मग कमोडला दोन बादल्या पाणी.

धुण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा पाईप कॅसेटच्या तोंडाला टेकवू नका. मागून येणारा माणूस त्याच नळाला बाटली लावतो. वेगळी बादली आणि वेगळा मग ठेवा. त्यावर लाल टेप गुंडाळली की घरातलं कोणी चुकूनही तो स्वयंपाकघरात नेणार नाही. शेवटी हात साबणानं नीट, नखांसकट.

गाडीखाली मैल्याची पक्की टाकी आहे. तिचं तंत्र काय?

आधी मैला, मग ग्रे. हा क्रम कधी उलटा करू नका, कारण मागून येणारं साबणाचं पाणी तोच पाईप धुऊन काढतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडणंही चूक आहे. दोन्हींचा बाहेरचा पाईप एकच असेल तर मैल्याचा लोंढा ग्रेच्या वाटेनं उलटा चढतो आणि शॉवरच्या जाळीतून वर येतो.

पाईप आधी चेंबरमध्ये घट्ट बसवा आणि त्यावर वीट किंवा पाण्याचा कॅन ठेवा, पहिल्या लोंढ्यानं पाईप उसळतो. मैल्याचा व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. आवाज थांबला की बंद. मग ग्रे. नंतर मैल्याच्या टाकीत १० लिटर पाणी घालून पुन्हा सोडा. पाईप गाडीच्या बाजूनं उचलत उचलत चेंबरकडे या, म्हणजे आतलं पाणी जमिनीवर न सांडता चेंबरमध्येच जाईल. शेवटी टाकीत पाचेक लिटर पाणी मुद्दाम ठेवा. कोरड्या तळावर पडलेला मैला चिकटतो.

व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवून पाईप जोडून बसणारे हमखास अडचणीत येतात. पाणी निघून जातं आणि घन भाग तिथेच साचून कमोडखाली ढिगारा तयार होतो. तो सिमेंटसारखा होईपर्यंत कळत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्या, मग सोडा. पाण्याच्या त्या वजनानंच तळ धुतला जातो. ढीग झालाच असेल तर टाकी दोन तृतीयांश पाण्यानं भरून २०-३० किलोमीटर गाडी चालवा आणि मग सोडा. काठीनं ढोसू नका, सेन्सर आणि सील दोन्ही जातात.

व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर बहुतेक वेळा पातं बसायच्या खाचेत कागदाचे धागे किंवा रेती अडकलेली असते. स्वच्छ पाणी सोडून व्हॉल्व्ह पाच-सहा वेळा उघडझाप करा. तरीही ठिबकला तर सील बदलायला झालं आहे. तोवर बाहेरचं टोपण घट्ट लावल्याशिवाय गाडी हलवू नका.

टाकीत कोणतं रसायन घालावं? फिनेल किंवा ब्लीच चालेल का?

नाही. सेप्टिक टँक जिवंत असते. तिच्यातले जिवाणू मैला कुजवतात, फिनेल आणि ब्लीच त्यांनाच मारतात. फॉर्मल्डिहाइड असलेलं निळं टॉयलेट रसायनही तेच करतं. एन्झाइम किंवा जिवाणूवर आधारित द्रव घ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापानं आणि दोन लिटर पाण्यासोबत. जास्त घातल्यानं काम जास्त होत नाही.

ब्लीचमध्ये आणखी एक धोका आहे. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन वायू सुटतो. संडास साफ करायच्या आम्लाबरोबर ब्लीच आलं तर क्लोरीन. गाडीचा संडास म्हणजे तीन फुटांची बंद खोली, तिथे हे प्रकरण जिवावर बेतू शकतं.

लघवीचा पिवळा थर काढायला ५ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून रिकाम्या कॅसेटमध्ये तासभर ठेवा, हलवा आणि ओता. सीलला सिलिकॉनचं वंगण लावा. पेट्रोलियम जेलीनं रबर फुगतं आणि झडप अडकते.

सगळं रिकामं केलं तरी गाडीत वास येतो. का?

घरच्या मोरीत नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या भांड्यात अडून राहिलेलं पाणी वास अडवतं. गाडीतले ट्रॅप उथळ असतात. खड्ड्यांतून गाडी उसळली की त्यातलं पाणी बाहेर जातं, किंवा गाडी आठवडाभर उन्हात उभी राहिली की आटतं. मुक्कामावर पोचलात की प्रत्येक जाळीत फुलपात्रभर पाणी ओता. बहुतेक वेळा वास इथेच थांबतो.

तरीही आला तर ग्रे वॉटरची टाकी धुवा, मैल्याची नव्हे. तेल आणि भाताची पेज तळाला धरून आंबते. २० लिटर गरम पाणी (उकळतं नको, प्लास्टिकचे सांधे सैल होतात), चमचाभर भांड्यांचा साबण, मग १०-१५ किलोमीटर गाडी चालवून रिकामी.

आपल्या स्वयंपाकात तेल, मसाला, भात. सिंक तुंबू नये म्हणून काय करायचं?

पाण्याला लावण्याआधी पुसा. इथली अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. बांगडा तळलेला तवा घ्या. तेल कोमट असतानाच रद्दीच्या चतकोर कागदानं मधून कडेकडे पुसून घ्या. कागद तांबूस, तेलकट होतो आणि तव्यावर नुसती चमक उरते. दुसऱ्या कागदानं ती चमकही जाते. आता तवा धुवायला तांब्याभर पाणी आणि साबणाचा थेंब पुरतो. न पुसता धुतला असता तर तीन-चार लिटर पाणी आणि ते सगळं तेल टाकीत गेलं असतं. तेलकट कागद ओल्या कचऱ्यात.

तळणीचं उरलेलं तेल गार करून बाटलीत भरा आणि घरी न्या. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, नसेल तर चहाची जुनी गाळणी. चहाचा चोथा, कढीपत्ता, मोहरी, भाताची शितं सगळी तिथे अडली पाहिजेत. तांदळाचं धुवण पहिल्या दिवसापासून वेगळ्या पातेल्यात धरा. त्यात रात्रीची भांडी भिजवता येतात, किंवा यजमानांच्या झाडांना घालता येतं. टाकीत गेलेलं धुवण मात्र दुसऱ्या दिवशी आंबट वास मारतं. राखेनं भांडी घासायची सवय चांगली, पण गाडीत नको. राख टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसते.

ग्रे वॉटर झाडांना घातलं तर चालेल का?

मालकाच्या परवानगीनं, ताजं आणि ब्लीच नसलेलं असेल तर चालेल. कोकणातल्या घरांत मोरीचं पाणी केळीच्या बुंध्याशी आणि अळवाच्या वाफ्यात सोडायची पद्धत जुनीच आहे. माडाच्या आळ्यातही चालतं. पालेभाजी, कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायच्या किंवा जमिनीला टेकलेल्या कशालाही घालू नका. २०-३० लिटरपेक्षा जास्त एका ठिकाणी ओतू नका, फावड्यानं आळं करून चार-पाच झाडांत वाटा. विहीर, ओढा, तळं यांपासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ७० दमदार पावलं दूर.

स्वतःची किंवा मित्राची जमीन असेल आणि वरचेवर तिथेच मुक्काम होत असेल तर शोषखड्डा करून घ्या. एक मीटर लांब, रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, मग लहान, वर वाळू, आणि तोंडाशी खरकटं अडवणारी जाळी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून दाखवले, गाडीच्या पाण्याला तर एकच पुरतो. मैलापाणी या खड्ड्यात अजिबात नाही.

धरणाकाठी कॅम्प आहे. तिथे वेगळं काय?

तिथे एक थेंबही सोडायचा नाही. मुंबईला पाणी देणारे तलाव सात आहेत. भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. यांतले पहिले पाच ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांत, म्हणजे नेमके तुमच्या सहलीच्या वाटेवर. वैतरणेच्या काठी ओतलेलं पाणी दादरच्या नळाकडेच निघतं. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. शहराला निदान शुद्धीकरण केंद्र आहे. काठावरच्या पाड्यातली बाई हंडा थेट त्याच पाण्यात बुडवते.

तलावात उतरून साबण लावून आंघोळ किंवा भांडी धुणं हेही यातच आलं. ‘नैसर्गिक’ किंवा रिठ्याचा साबण असला तरी पाण्यात नकोच. त्यानंही मासे मरतात. साबण पाण्यात नाही, मातीत कुजतो.

आणि समुद्रकिनारी?

भरती सगळं धुऊन नेते, हा गैरसमज आहे. नेलेलं पुढच्या भरतीला परत येतं. किनारा नियमन क्षेत्रात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहे. मुक्काम वाडीत करा, पुळणीवर नाही.

पावसाळ्यात काय बदलतं?

जमीन तुडुंब प्यालेली असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर झाडांना पाणी घालायचा पर्याय बंद समजा. गावच्या सेप्टिक टाक्याही या दिवसांत काठोकाठ असतात. एकदम ८० लिटर ओतलं तर तळाचा गाळ ढवळून बाहेर येतो. कॅनमधून २०-२० लिटर, मध्ये अर्धा तास सोडून ओता. हे खरं तर बाराही महिने पाळावं. ठिबकणाऱ्या पाईपाखाली बादली ठेवलीत तर रोज रिकामी करा. आठ-दहा दिवसांत तिच्यात डासांची एक पिढी तयार होते.

सोबत काय सामान ठेवावं? मुंबईत मिळतं कुठे?

झाकणाचे २० लिटरचे दोन कॅन, ग्रे वॉटरसाठी दीड इंची पाईप तीन मीटर, पक्की मैला टाकी असेल तर तीन इंची सक्शन पाईप, होज क्लिपा चार, जाड हातमोज्यांचे दोन जोड, लाल टेपवाली बादली-मग, नरसाळं, रद्दी, कचऱ्याच्या जाड पिशव्या आणि टॉर्च. पाईप, क्लिपा, व्हॉल्व्ह नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. एक अडचण नक्की येते. आयात केलेल्या गाडीचा तीन इंची जोड आणि आपला ७५ मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाईप एकमेकांत बसत नाहीत, व्यासात फरक पडतो. रबरी कपलर आणि दोन क्लिपा लावून जोडा. एम-सीलनं चिकटवलेला सांधा पहिल्याच खड्ड्याला सुटतो.

कॅसेट सांडली तर?

मुलांना आणि कुत्र्यांना लांब करा. हातमोजे घालून त्यावर कोरडी माती किंवा भुसा टाका, पाणी शोषलं गेलं की फावड्यानं पिशवीत भरा. फरशी किंवा सिमेंट असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, ते पाणी पुसून घ्या, मगच एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवा. क्रम महत्त्वाचा, कारण लघवीवर थेट ब्लीच ओतायचं नाही. मातीवर सांडलं असेल तर वरची चार बोटं माती खरवडून काढा आणि जागेच्या मालकाला सांगा. लपवू नका, त्यांची विहीर कुठे आहे ते त्यांनाच माहीत असतं.

सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स?

टाकीत कधीच नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यापासून वेगळी पिशवी करा आणि शहरात परत आणा.

पाण्याविना चालणारा ड्राय टॉयलेट बरा का?

लहान व्हॅनला बरा. त्यात लघवी वेगळी साठते आणि मैल्यावर मूठभर कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा टाकायचा असतो. लघवी वेगळी राहिली तर वास जवळजवळ येत नाही. मात्र त्यात धुता येत नाही, ते पाणी वेगळ्या भांड्यात घ्यावं लागतं. हे न जमल्यामुळे आपल्याकडे बरेच जण तो महिन्याभरात काढून टाकतात. लघवी संडासात ओता. कोकोपीट मिसळलेला मैला कमोडमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो. स्वतःच्या जमिनीत खड्डा करून किमान वर्षभर कुजवायची सोय असेल तरच हा पर्याय घ्या.

कायदा काय सांगतो?

१९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याचं २४ वं कलम ओढा, नदी किंवा विहिरीत दूषित पदार्थ सोडायला मनाई करतं. तानसा, कर्नाळा, फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथे वन्यजीव कायदाही लागू होतो.

गाडी भाड्यानं घेतली आहे. ताब्यात घेताना काय पाहावं?

दोन्ही टाक्या रिकाम्या आहेत ना ते व्हॉल्व्ह उघडून पाहा, दिव्यावर विश्वास ठेवू नका. कॅसेट बाहेर काढून हलवा. खळखळ आली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा मैला तुमच्या गळ्यात आला आहे, तो तिथेच रिकामा करून मागा. सिंकमध्ये पाच लिटर पाणी सोडून गाडीखाली वाका आणि दोन मिनिटं ठिबकतंय का पाहा. कॅसेट, व्हॉल्व्ह आणि टोपण यांचे फोटो काढून ठेवा. परत देताना टाकी रिकामी करून द्यायची की भरलेली चालते, रिकामी केली नाही तर किती पैसे कापणार, आणि कंपनी स्वतः ती कुठे रिकामी करते, हे तिन्ही प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर रविवारी परतताना कॅसेट घरच्या संडासात ओतून, दोनदा धुऊनच गाडी परत द्या.